थरथरणारी पट्टी

आमच्या वरच्या मजल्यावरची इंजिनीअर माझी जुनी विद्यार्थिनी. छातीवर चिकटवून हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या पट्ट्या तयार करणे हे तिचे काम. शेजारीपाजारी तिला डॉक्टर समजून खोकला दाखवायला येतात. सासू मात्र तिला 'तारवाली' म्हणते. वर्गात उत्तर अडले की ही मुलगी पेन्सिल कुरतडायची. आता स्क्रूड्रायव्हरची मूठ कुरतडते, एवढाच फरक.

मागच्या वर्षी सासूबाईंना उभ्याउभ्या भोवळ येऊ लागली. ठोका कुठे चुकतो ते सापडल्याशिवाय डॉक्टर पेसमेकर बसवायला तयार नव्हते, आणि तपासणीच्या वेळी हृदय शहाण्या मुलासारखे वागायचे. शेवटी डॉक्टरांना विचारून तारवालीने आपली नवी पट्टी घरी आणली. सैल झाली की ती हलकेच थरथरे, म्हणजे माणसाने दाबून बसवावी. ही युक्ती तिचीच. कामावर सगळ्यांनी लावून पाहिली होती आणि वाहवा केली होती.

सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी पट्टी उपटून टेबलावर ठेवली. मी तेव्हा तिथेच चहा घेत होते.

"छातीत फडफडतं गं. हे लावल्यापासून दुखणं वाढलंय."

"आई, ती पट्टी थरथरते. सांगितलं होतं ना?"

"मला सांगितलंस. छातीला कोण सांगणार?"

तारवालीने नोंद उघडून पाहिली. पट्टी थरथरली की लगेच ठोके धावत सुटलेले.

"आमच्यात लावून बघणारे सगळे ठणठणीत, बाई," ती मला म्हणाली. "छातीत हललं की त्यांना गंमत वाटली. यांना वाटलं, आता संपलं."

थरथर काढून टाकायची म्हटल्यावर कामावरचे तिचे वरिष्ठ वैतागले. "अहो, साचे तयार आहेत. एका सासूसाठी सगळं थांबवायचं?"

"आपण ही लावणार कोणाला, सर? सासवांनाच ना?"

नवी पट्टी मुकी झाली. सैल झाली की निरोप घरच्यांच्या फोनवर जाई. पण सासूबाई ती अंगाला लावून घेईनात.

"फोनवर अजून काय काय कळतं? मी तुझ्याबद्दल काय बोलते तेही?"

"ते पट्टीशिवायच खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, आई."

मी चहात तोंड लपवले. सासूबाईंना हसू आवरेना. हसतहसतच त्यांनी गळ्याचे बटण सोडले.

त्याच आठवड्यात भांडी पुसताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पट्टी जागच्या जागी होती. नोंदीत ठोका, मग लांबलचक सपाट रेघ, मग पुन्हा ठोका. डॉक्टरांना हवी होती ती हीच. ती दाखवायला तारवाली फोन घेऊन अनवाणीच जिन्याकडे धावली.

खुर्चीत टेकलेल्या सासूबाई मागून ओरडल्या, "अगं, पेसमेकर मला बसवायचाय! मला तरी बरोबर घे!"