चकल्यांचा कागद

विमानात बसण्याआधीच माझी अब्रू गेली. सामान तपासणाऱ्याने बॅग उघडली आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अठरा पुड्या.

"पेपरचे एजंट आहात का?"

"मास्तर आहे. चकल्या आहेत," मी म्हणालो.

नव्व्याण्णवची मे महिन्याची सुट्टी. शारजाला धाकट्या बहिणीकडे, मंदाकडे, निघालो होतो. विमानतळावर दाजींचे ड्रायव्हर बबनराव आले होते, मूळचे सांगोल्याचे. वाटेत त्यांनी करक (दाट दुधाचा चहा) पाजला. हमरिया फ्री झोनमधला दाजींचा मसाल्याचा कारखाना दाखवला. मग वाळूकडे बघत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पोरीचं लग्न आहे."

"मग निघणार कधी?"

"इन्शाल्ला. शेठ म्हणतात, ऑर्डर गेली की."

सकाळी मंदाने चकल्या काढल्या. पुडीचा कागद मोठ्याने वाचायची मला खोड आहे. घरी बायको कागद आधी चुलीत घालते. इथे मोकळं रान होतं. रविवारच्या पुरवणीतला लेख निघाला: अमेरिकेत गुलाम पळाला की मालक पेपरात जाहिरात द्यायचे. पण सुटलेल्या गुलामांनी स्वतःचे पेपर काढले, आपली कहाणी आपणच छापली, आणि वाचणाऱ्यांना गप्प बसणं अवघड झालं. मी अगदी वर्गातल्यासारखा रंगलो होतो.

"बट मामा," भाची सई म्हणाली, "बबन अंकल ऑल्सो कान्ट गो. हिज पासपोर्ट इज इन पप्पाज ड्रॉवर, नो?"

बबनराव गाडीची किल्ली घेऊन दारातच उभे होते.

"इथे सगळेच ठेवतात, मास्तर," दाजी म्हणाले. "माणूस मधेच गेला तर कारखाना कोण चालवणार?"

मी कागदाची घडी घातली. पाहुणा मी, परतीला आठ दिवस बाकी! मंदाने दाजींच्या पुढची चकल्यांची ताटली उचलली.

दाजी उठले. ड्रॉवर खडखडला. बबनरावांचा पासपोर्ट आला, पाठोपाठ कारखान्यातल्या बाकीच्या चौघांचेही.

"यल्ला (चला) बबन, तिकीट काढ. खलास (विषय संपला)! मंदे, आण ती ताटली."

दाजी तेव्हा चिडले असते तर मी मुकाट्याने चकली खाल्ली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्यांचे उपकार मी अजून मानतो.

बबनराव लग्नाला वेळेवर पोचले. त्यांना सोडायला आम्ही सगळे विमानतळावर गेलो होतो. काउंटरवर त्यांनी पासपोर्ट उघडला, तर आत घडी घातलेला तो कागद.

"हे तेल कसलं?" काउंटरवरच्या मल्याळी मुलीने हिंदीत विचारलं.

बबनरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मास्तरांच्या चकलीचं. पण कागद टाकू नका, बाई. पोरीला वाचून दाखवायचाय."