दाजींच्या शेडमधली बोट

माझ्या लग्नात दाजींनी भर मांडवात नवरदेवाच्या खिशात हात घालून काडेपेटी काढून घेतली. नवरदेव म्हणजे मीच. डोक्याला बाशिंग, हातात हार, अक्षता वाटून झालेल्या, आणि माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान माझ्यापुढं उभे राहून नाक फेंदारत म्हणाले, "गंधकाचा वास येतोय." पुढं काही विचारलं नाही. शेरवानीच्या खिशात हात घातला, काडेपेटी काढली, पाण्याच्या पिंपात बुडवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी चोरून विडी ओढतो हे माझ्या सासऱ्यांना त्या क्षणी कळलं. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

दाजी तेरखेड्याचे. तिथं घरटी कुणी ना कुणी फटाक्याच्या कामात असतं आणि सगळेच जपून वागतात, पण दाजींचं जपणं म्हणजे छळ होता. त्यांच्या दारात गाडी बंद करून ढकलत न्यायची. मोबाइल फाटकावरच्या डब्यात. शेडमध्ये शिरण्याआधी वाकून जमिनीला तळहात टेकवायचा, म्हणजे अंगातली वीज मातीत जाते. तहसीलदार आले तरी सुटका नाही. त्यांचं नाक मात्र खरं तिखट होतं. फटाक्याची दारू दमट झाली की ती हातात न घेता नुसत्या वासावरून सांगायचे. कुणी काही बोलायला तोंड उघडलं की यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी हुंग, मग बोल." माझ्या बहिणीनं, अक्कानं, यांच्याबरोबर इतकी वर्षं कशी काढली हे आमच्या गावच्या कालभैरवालाच ठाऊक.

अशा माणसाच्या दारात जायची वेळ माझ्यावर आली ती एका बोटीमुळं. मी सोनारीत राहतो, परंड्याच्या एका शाळेत कारकून आहे, आणि मला पोहता येत नाही. तरी मी जेट बोट घेतली. उजनीकडं एक जलविहार केंद्र बंद पडलं होतं, तिथं ती शेवग्याच्या झाडाखाली पालथी पडली होती. बोट माझ्या जन्माआधीची, परदेशातून कुणी हौशी माणसानं आणलेली. आठ सिलेंडरचं इंजिन, आणि बाहेर पंखा नाहीच. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. म्हणजे आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखंच, आतमध्ये पाणी फेकणारं चाक, इंपेलर. मला वाटलं, मोटार कळते त्याला बोट कळायला काय लागतं. बायको म्हणाली, आपल्याकडं प्यायला पाणी नसतं आणि तुम्ही बोट आणता. पण त्या वर्षी आमच्या गावचं धरण कित्येक वर्षांनी काठोकाठ भरलं होतं. ते परत कधी भरेल याचा काही भरवसा नव्हता. पाणी काठच्या दगडी उतारावरून खाली सरकलं की पुढं नुसता काळा चिखल, तिथं ट्रॉलीच रुतते. त्याआधी बोट पाण्यात उतरवायची, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. गावभर सांगूनही बसलो होतो.

बोट सोनारीत ठेवायची सोय नव्हती. कालभैरवाच्या देवळाजवळ राहणाऱ्याला माकडांचं काय ते विचारा. पहिल्याच दिवशी त्यांनी सीटची गादी फाडून कापूस गावभर केला. पत्र्याची मोठी मोकळी शेड होती ती एकट्या दाजींकडं. त्यांनी काही वर्षांपूर्वी फटाक्याचं काम अचानक बंद केलं होतं. मागणी राहिली न्हाय, एवढंच लोकांना सांगितलं. अक्कानं शब्द टाकला आणि दाजींनी बोटीकडं एकदा बघून घेतलं.

"भंगार हाय," ते म्हणाले. "पण ठेव."

मग अटी सुरू झाल्या. शेजारच्या शेडी चालू होत्या, तिथं दारू होती, त्यामुळं वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, बॅटरी नाही आणि पेट्रोलचा थेंब नाही. आता मला सांगा, जुनी बोट दुरुस्त करायची ती काय आरती करून? इंजिन उतरवून बार्शीला गॅरेजात पाठवावं लागलं. बोटीच्या अंगावरचा रंग यंत्रानं दोन दिवसांत निघाला असता, तो मी हातानं पॉलिश पेपर घासून काढला. दर शनिवारी-रविवारी सोनारीहून तेरखेड्याला जायचं, जमिनीला हात टेकवायचा आणि घासत बसायचं. बोटांची सालं गेली. फायबरला तडे होते, त्यात काचेचं कापड आणि रेझिन भरायचं ते मी मोबाइलवर बघून शिकलो. पहिल्यांदा घट्ट करायचं औषध जास्त पडलं आणि डब्यातच सगळं दगड झालं, डबा एवढा तापला की हातातून टाकून दिला. दाजींनी तो डबा आठवडाभर फाटकावर टांगून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

स्वतः ते एका गोष्टीला हात लावत नसत. बाज टाकून जवळ बसायचे, अडकित्त्यानं सुपारी कातरायचे आणि हुकूम सोडायचे. रेझिनचा डबा उघडला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं, डोकं भणभणायचं, आणि हे त्या डब्याला मांडी लावून बसलेले, पापणी हलत नाही. मला वाटायचं, मर्दुमकी दाखवतोय. वर दर अर्ध्या तासानं मला उठवायचे. त्या कोपऱ्यात जा, हुंग. कसला वास हाय? भिंतीपाशी जा, हुंग. शेजारच्यांनी काय उघडलंय बघ. मी सांगायचो, काही नाही दाजी. नीट हुंग. परत जायचं. शाळेत साहेबांनी मला असं नाचवलं असतं तर मी बदली मागितली असती.

एकदा ते अक्काबरोबर आमच्याकडं जेवायला आले. बायकोनं हौसेनं पुरणपोळी, येळवणीची आमटी केली होती. दाजींनी दोन घास खाल्ले, ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "काय बी असलं तरी मातीच." बायको आत जाऊन रडली. मी अक्काला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, बोट निघाली की तुझ्या नवऱ्याचं तोंड बघणार नाही. अक्का नुसती पदराशी चाळा करत उभी राहिली. मला तिचाही राग आला.

उन्हाळा लागला आणि धरण उतरायला लागलं. मी रोज संध्याकाळी उतारालगतच्या पायऱ्या बघून यायचो, आणि रोज एखादी ओली पायरी कोरडी झालेली असायची. बार्शीहून इंजिन आलं, गॅरेजवाल्यानं शेडमध्येच ते बसवून दिलं. पण पेट्रोल घालून बघायची सोय नव्हती, दाजींची अट. जे काय होईल ते थेट धरणावर. बोट ट्रॉलीवर चढवली तेव्हा तिचा निळा रंग असा चकाकत होता की तेरखेड्याची माणसं काम सोडून बघायला आली. दाजी म्हणाले, भंगाराला रंग दिला म्हणजे ते सोनं होत न्हाय.

रविवारी भर दुपारी बोट धरणावर पोचली. पाणी शेवटच्या पायऱ्यांवर होतं. अख्खं सोनारी जमलं होतं, पोरं, बाया, परंड्याहून माझे साहेबसुद्धा. ट्रॉली मागं घेतली, बोट अर्धी तरंगायला लागली. कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. आता पूजा. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर आला की इंजिनाची पूजा करतात, म्हणून मी गुरवांना मागच्या बाजूला इंजिनाच्या झाकणाशीच उभं केलं. झाकणावर हळदी-कुंकू, नारळ, तबकात कापूर. काठावरून दाजी ओरडत होते, "हुंगलंस का?" मी लक्ष दिलं नाही. परत, "झाकण उघडून हुंगलंस का रे?" माणसं हसायला लागली. मी गुरवांना म्हटलं, लावा तुम्ही कापूर.

गुरवांनी काडी काढली आणि दाजी धोतरासकट पाण्यात शिरले. बोटीच्या कडेला येऊन त्यांनी हात असा फिरवला की तबक, कापूर, नारळ, सगळं धरणात गेलं. गुरवांच्या हातातली काडेपेटी हिसकावून पाण्यात बुडवली. कालभैरवाच्या नावानं मांडलेली पूजा, सगळ्या गावादेखत. बाया कानावर हात ठेवायला लागल्या. मी झेपावून दाजींची गचांडी धरली, आणि खरं सांगतो, मी मारणारच होतो. ते शांत होते.

"झाकण उघड," ते म्हणाले. "हुंग."

रागानंच मी झाकण ओढलं. आतून जो भपका आला त्यानं मी दोन पावलं मागं सरलो. टाकीच्या नळीचा सांधा सुटला होता आणि बोटीच्या तळाला पेट्रोल साचलं होतं. वर उन्हात तापलेलं बंद झाकण, आणि त्याच झाकणावर आम्ही कापूर पेटवणार होतो. बोटीत गुरव आणि मी, कडेला धरून उभी राहिलेली गावची पोरं.

"काय वास हाय?" दाजींनी विचारलं.

एवढं झाल्यावरही हा माणूस मला चारचौघांत शाळेतल्या पोरासारखं विचारतोय, म्हणून माझं टाळकं परत सणकलं. मी म्हटलं, पेट्रोल.

"किती?"

"लई."

ते वळले आणि ओल्या धोतरानं काठावर जाऊन बसले. गावात मात्र त्या दिवशी चर्चा झाली ती दाजींनी देवाचं तबक उधळल्याची. आणि मी म्हणतो, शेडमध्ये पेट्रोल घालू दिलं असतं तर नळी तिथंच कळली असती. हे माझं म्हणणं आजही आहे.

संध्याकाळी अक्का आमच्याकडं थांबली होती. दाजी बाहेर ओट्यावर. चुलीपाशी ती मला हळूच म्हणाली, "त्यांना कशाचाच वास येत न्हाय. कोरोनात गेला, तो परत आलाच न्हाय."

ती सांगत गेली. आजारातून उठले त्याच आठवड्यात त्यांनी फटाक्याचं काम बंद केलं. ज्याला वास येत नाही त्यानं दारूपाशी माणसं बसवायची नाहीत, एवढं बोलले आणि कुलूप लावलं. जेवणाला चव नाही, तेव्हापासून सगळं मातीच लागतं. कुणाला बोलू नको म्हणून तिला शपथ घातली होती. तेरखेड्यात ज्याच्या नाकाचा दाखला द्यायचे, तो माणूस भिंतीपाशी मला पाठवून विचारत होता, कसला वास हाय.

तुम्हाला वाटेल, इथं माझं मन विरघळलं. अजिबात नाही. मला आणखी राग आला. एवढे महिने मला भिंती हुंगायला लावल्या, बायकोला रडवलं, मला गावादेखत उभं केलं, पण 'मला वास येत न्हाय, तू सांग' एवढे शब्द या माणसाच्या तोंडून निघाले नाहीत. सांगितलं असतं तर मी आनंदानं हुंगलं असतं. निदान कुरकुर कमी केली असती.

नळ्या सगळ्या बदलल्या. तळ धुतला, वाळवला, झाकणाला हवा जायला जाळी बसवली. या सगळ्यात पाणी शेवटच्या पायरीखाली गेलं. शेवटी उसाचं पाचट आणि फळ्या टाकून, गावातली माणसं लावून बोट चिखलावरून ओढली. या वेळी पूजा लांब काठावर केली. दाजी आले होते. काठावरूनच विचारलं, "हुंगलंस का?"

"हुंगलं."

"काय?"

"काही नाही दाजी. नुसतं धरण."

मग मी चावी फिरवली. बोट अशी सुटली की माझी टोपी गेली. धरणाच्या मध्यापर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. परत येताना काठ जवळ आला, घाबरून रेस सोडली आणि स्टेअरिंग फिरवलं. रेस सोडली की पाण्याचा झोत थांबतो आणि या बोटीचं तोंड वळतच नाही, हे मोबाइलवर कुणी सांगितलं नव्हतं. सरळ जाऊन बाभळीखाली चिखलात घुसलो. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागं वळून बघितलं तर दाजी पाठ करून बसले होते, सुपारी कातरत. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, मी म्हटलंच होतं भंगार हाय.

त्या बोटीत ते कधी बसले नाहीत. मी कधी बोलावलंही नाही.

परवाच्या पावसात धरण पुन्हा भरलं. मी उतारावर इंजिनाचं झाकण उघडून, नळ्या हातात घेऊन बसलो होतो तेव्हा अक्काच्या मुलीचा फोन आला. दाजी दुपारी बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. होतो तसा निघालो. तेरखेड्यात पोचलो तर फाटकाशी गाड्यांची रांग, सगळ्या बंद करून ढकलत आणलेल्या. डब्यात मोबाइल ठेवलेले.

आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. त्यांच्याच शेतात, शेडच्या मागं खड्डा घेतला होता. मठाच्या स्वामींनी भस्म लावलं, बेल वाहिला. एकेक जण वाकून माती लोटत होता. माझी पाळी आली. मी वाकलो, आणि माती उचलण्याआधी सवयीनं तळहात जमिनीला टेकवला. तेव्हा कळलं, माझ्या हाताला पेट्रोलचा वास येत होता, चांगलाच भपका होता, शेजारच्या माणसानंही मान वळवून बघितलं. पेट्रोलच्या हातानं तेरखेड्याच्या त्या शेडपाशी उभा होतो, आणि मला हाकलून द्यायला कुणी नव्हतं. मी माती लोटली आणि मोठ्यानं रडलो. राग गेलेला नाही.