भिंत राखीव, घोडेवाल्यासाठी

नाहूरच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागले तेव्हा माझी नेमणूक तात्पुरती होती आणि वडिलांची गिरणी कायमची बंद. घरात पगार आणणारी मी एकटी. पहिल्या चाचणीत माझ्या नववी ‘ड’ने रोमन सम्राटांच्या धड्यावर सपाटून मार खाल्ला. मुख्याध्यापकांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "बाई, पुढच्या चाचणीत वर्ग सुधारला नाही तर दिवाळीनंतर आम्हाला दुसरी व्यवस्था बघावी लागेल."

त्या आठवड्यात मी रोज तोच धडा पुन्हा घेतला. सम्राटांची नावं काही केल्या मुलांच्या तोंडी बसेनात. बाहेर मात्र महापालिकेच्या निवडणुकीचा धुरळा उडाला होता आणि वॉर्डातल्या एकूण एक उमेदवाराची कुंडली त्यांना पाठ होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं मी सम्राटांनाच निवडणुकीला उभं केलं. वर्गाचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक सम्राट आणि एक निशाणी दिली. रोम जळताना वाजवत बसला म्हणतात, त्याला फिडल. विटांचं शहर संगमरवरी केलं असं सांगत सुटलेल्याला वीट. लाडक्या घोड्याला मोठं पद द्यायला निघालेल्याला अर्थातच घोडा.

वर्ग पेटला. "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, फिडलवर मारा शिक्का" करत पोरं बाकांमधून फिरली. घोडेवाल्यांची पुढारी झाली शेवटच्या बाकावरची एक मालवणी मुलगी. शाळा सुरू झाल्यापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिने उभं राहून भाषणच ठोकलं. "समोरचे बोलतात, घोड्याला काय कळतं. माणसं बसवून आपलं काय भलं झालं? घोडा निदान खात तरी नाय."

"चणे खातो ना," फिडलवाले म्हणाले.

"चणेच खातो ना?"

महिन्याभरात मी पहिल्यांदा हसले. त्या भरात बोलूनही गेले, "एवढा प्रचार करताय, मग भिंत नको का धरायला? जा, लिहा." त्या काळी कार्यकर्ते आधीच चुन्याने भिंतीवर ‘राखीव’ लिहून ठेवत. मग तिला दुसरं कुणी हात लावत नसे, लावला तर डोकी फुटत. मला हे माहीत होतं. मुलांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणावर, रस्त्याच्या बाजूने, हातभर अक्षरं: ‘राखीव – घोडेवाला’. दहाच्या सुमाराला चार कार्यकर्ते मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले. हा घोडा निशाणीचा अपक्ष कोण, आणि दर वेळची आमची भिंत शाळेने त्याला दिलीच कशी, असं विचारत होते. त्यांचा उमेदवार आमच्या संस्थेच्या कमिटीवर होता.

घोडेवाल्यांना रांगेत उभं केलं आणि मला बोलावणं आलं.

"बाई, तुम्ही सांगितलंत यांना लिहायला?"

घरी खिडकीशी बसून माझी वाट बघणारे वडील मला दिसले. दुसरं काही दिसेना.

"नाही, सर."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या नखांत चुना होता.

"बाईंनी नाय सांगितलं, सर," ती म्हणाली. "आमीच केलं."

मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेदेखत त्यांनी भिंत धुतली. मी खिडकीकडे पाठ करून डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला माझी शिसारी आली होती. तरी मी उठून गेले नाही.

पुढच्या तासाला घोडेवाल्यावरचा प्रश्न मी मुद्दाम तिलाच विचारला. मला तिचा आवाज ऐकायचा होता.

ती उठली. "म्हायत नाय, बाई," म्हणाली आणि बसली.

चाचणीत वर्ग पास झाला आणि दिवाळीनंतर मला कायम केलं. त्याच प्रश्नाला तिने पानभर उत्तर लिहिलं होतं. मी पैकीच्या पैकी दिले. वर्षाच्या शेवटपर्यंत ती माझ्या तासाला एवढंच बोलत राहिली, "म्हायत नाय, बाई."