मुंगसाच्या केसांची कुंची

कुंचीचाचांना मराठी वाचता येत नव्हतं, पण मराठीतलं वाईट अक्षर त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. सावली गावाच्या बाजाररस्त्यावर त्यांचं एवढंसं दुकान होतं. पाट्या रंगवणारे, देवळात चित्रं काढणारे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारे, सगळे कुंच्या, म्हणजे रंगाचे ब्रश, त्यांच्याकडून नेत. मी पळसाचं मूळ ठेचून केलेल्या कुंचीने समोरच्या भिंतीवर घोषणा रंगवत होतो, तेव्हा ते उठून आले, हात मागे बांधून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "लीडर, हे लिहून राह्यला का सारवून राह्यला?"

मी चिडलो. त्या वयात चिडणं हे माझं पूर्णवेळ काम होतं. आमचा जिल्हा तेव्हा चांदा. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्याने गेली होती, पण मालगुजार कुठेच गेला नव्हता. गावाबाहेरची एक मोठी पडीत जमीन त्याने दाबून ठेवली होती. तिचा सरकारदप्तरी खसरा नंबर मला तोंडपाठ होता, कारण ती भूमिहीनांना घरांसाठी मिळावी म्हणून मी पत्रकांवर पत्रकं काढली होती. दिवाळीनंतर तहसीलचे साहेब त्या रस्त्याने पाहणीला यायचे होते. मागणी त्यांना गाडीतून वाचता आली पाहिजे होती. माझ्या गबाळ्या अक्षरापायी लोकांची घरं राहिली असती तर ते कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून राग गिळला आणि चाचांना चांगली कुंची मागितली.

"केस संपले," चाचा म्हणाले. "मुंगूस धरून आण. बांधून देतो."

"मला मुंगूस धरता येत नाही, चाचा."

"भिंत तरी कुठी रंगवता येते तुले?"

अशी माझी शिकवणी सुरू झाली. चाचांची कुंची मुंगसाच्या शेपटीच्या केसांची. थंडी लागली की ते केस भरतात, आणि त्याच दिवसांत चाचा बांबूच्या कमच्यांचे पिंजरे घेऊन तलावाच्या पाळीमागच्या माळावर जायचे. त्याला ते 'मुंगसाचा माळ' म्हणत. "अख्ख्या सावलीत येवढाच राह्यला," ते म्हणायचे. "बाकी सारं नांगरलं लोकायनं." मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी पिंजरा हातात येईल. त्यांनी मला झुडपात ओणवं व्हायला लावलं. "मुंगसाले जग किती उंचीवरून दिसते ते पाह्य. गाल टेकव जमिनीले." सभा घेणारा मी, स्वच्छ धोतर नेसून दोन्ही हातांवर रांगत होतो. धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून उभ्या राहिल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "लीडरचं काही हरवलं वाटते." पण खरं सांगतो, गाल टेकवल्यावर गवतातून गेलेली मुठीएवढी वाट दिसली. उभ्या माणसाला ती जन्मात दिसली नसती.

दुसरा धडा वासाचा. चाचांनी माझे हात धरून हुंगले आणि तोंड वाकडं केलं. "साबण हाय, अन् छापखान्याची शाई हाय. मुंगसाले वास आला का तो म्हणन, पर्चेवाला आला, भाषण सुरू होईन, चला." मग तलावाचा गाळ कोपरापर्यंत चोळायचा. तिसरा धडा गप्प बसण्याचा. तो मला शेवटपर्यंत जमला नाही. पिंजऱ्यात अंडं ठेवायचं, खटक्याची काडी अशी बसवायची की नुसत्या धक्क्याने दार पडेल, आणि मग लांब एका जळक्या मोहाच्या झाडाखाली बसायचं. बसलं की मला मुद्दे सुचायचे. चाचा नुसतं बोट ओठांवर ठेवत. एकदा म्हणाले, "तू बोलतो ते खरं असन. पण मुंगसाले उद्या सांग."

माझ्या पिंजऱ्यात पहिल्यांदा सापडली ती पांढरी कोंबडी, आणि तीही मालगुजाराची. मी म्हणालो, ही जनतेची कोंबडी आहे, रस्सा करू. चाचांनी ती माझ्या काखेत दिली. "ज्याची हाय त्याले देऊन ये. तूच जा." ज्या माणसाला मी तीन पत्रकांत रक्तपिपासू म्हटलं होतं, त्याच्या ओसरीवर मी त्याची कोंबडी घेऊन उभा राहिलो. त्याने कोंबडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. मी तो प्यायलो. हे आजवर कुठल्याही पत्रकात छापलेलं नाही.

पाचव्या दिवशी दार पडलं आणि आत खरंच मुंगूस होतं. राखाडी, चपळ, डोळे लालभडक, एक कान फाटलेला. मला वाटलं, आता मारायचं. चाचांनी पिंजऱ्याच्या तोंडाला पोतं लावलं, मुंगूस त्यात शिरलं, शेपटी तेवढी बाहेर राहिली. "धर. घट्ट नको धरू, लीडर लोक कुर्शी धरते तशी." त्यांनी कात्रीने वरचे लांब केस कापले, कागदात गुंडाळले आणि पोत्याचं तोंड उघडलं. मुंगूस निघून गेलं. त्याची शेपटी उंदरासारखी झाली होती. "याचा एक कान फाटेल हाय," चाचा म्हणाले. "दर साली येते. अंडं खाते, केस देते, जाते."

माझ्यातला कार्यकर्ता जागा झाला. "चाचा, ही वेठबिगारी आहे. एका अंड्यावर तुम्ही त्याची वर्षाची कमाई कापून घेता. तुम्ही मुंगसांचे मालगुजार आहात."

"बराबर हाय," चाचा शांतपणे म्हणाले. "काढ पर्चा. माळावर वाटू. मुंगसं वाचतीन."

कुंची बांधायला त्यांना दोन दिवस लागले. केसांची टोकं जमिनीवर ठोकून सारखी करायची, दोऱ्याने आवळायची, बगळ्याच्या पिसाच्या नळीत लाखेने बसवायची. एका शेपटीच्या केसांत एवढी एकच कुंची झाली. माझ्या हातात देताना म्हणाले, "अक्षराच्या कडेले ही. पोटात भरायले तुही ते पळसाची. याले दाबू नको. हे आपल्या मनानं जाते."

साहेब यायच्या आदल्या सकाळी मी शिडीवर चढून लिहीत होतो. अक्षर असं उतरत होतं की मलाच माझा हेवा वाटला. चाचा खाली येऊन उभे राहिले.

"काय लिहून राह्यला, वाचून तं दाखव."

मी मोठ्याने वाचलं, "पडीत जमीन भूमिहीनांना मिळालीच पाहिजे."

"कोन्ती जमीन?"

मी खसरा नंबर सांगितला. त्याने त्यांना काही कळेना. मग मी पटवाऱ्याच्या कागदावरून उतरवलेल्या चतुःसीमा म्हणून दाखवल्या, पाठच होत्या. उत्तरेला तलावाची पाळ. पश्चिमेला धानाच्या बांध्या. पूर्वेला जळका मोह...

जळक्या मोहाशी मी थांबलो. त्याच मोहाखाली आम्ही पाच दिवस बसलो होतो. कागदावरच्या त्या जमिनीसाठी मी वर्षभर ओरडत होतो, आणि तिच्यावर गाल टेकवून रांगूनही ती मला ओळखू आली नव्हती. तिथे घरं उभी राहिली की मुंगसं जाणार, आणि मुंगसं गेली की चाचांचं दुकान. हे मी लिहीत होतो ते त्यांच्याच कुंचीने.

"चाचा," मी शिडीवरून म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"गावात सारेच बोलून राह्यले. मी बहिरा हाव का?"

"मग कुंची का दिली?"

मान तिरकी करून ते भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ते खालच्या ओळीतलं दुसरं, त्याचं पोट सुजलं. उतर."

मी उतरलो. ते शिडीवर चढले आणि त्यांनी माझ्या हातातून कुंची घेतली. न वाचता येणाऱ्या त्या अक्षराची कड त्यांनी वरपासून खालपर्यंत एका दमात ओढली. ते 'मिळालीच'मधलं 'ळ' होतं. भिंत पडेपर्यंत त्या ओळीत तेवढंच एक अक्षर बिनचूक होतं. उतरता उतरता ते म्हणाले, "लोकायले घर पाहिजेच ना, बाबू. मी तरी कुठी झाडाखाली झोपतो."

साहेबांनी भिंत वाचली, गाडी थांबवली, उतरून माळ पाहिला. पुढच्या साली जमीन वाटली गेली, झुडपं निघाली, घरं उभी राहिली. मागणी बरोबर होती. आजही तीच छापीन, एक शब्द बदलणार नाही. फक्त आधी तिथे रांगून येईन.

चाचांनी पुढचा हिवाळा आदल्या साली साठवलेल्या केसांवर काढला आणि मग ते आलापल्लीला लेकीकडे गेले. दुकान आवरताना त्यांनी मला एक पिंजरा दिला. "ठेव. तुह्यानं बोलणं बंद होत नाई, पण काडी चांगली बसवतो." एसटी सुटेपर्यंत ते खिडकीतून स्टँडवरच्या पाटीचं अक्षर पाहत होते आणि मान हलवत होते. लेकीकडेच ते वारले, असं दोन वर्षांनी कळलं.

त्याच हिवाळ्यात माळावरच्या एका बाईने मला बोलावणं पाठवलं. तिची अंडी रोज कोणीतरी खात होतं. "लीडरभाऊ, तुमच्याच पर्च्यानं इथी आलो, आता याचं बी तुम्हीच पाहा," ती म्हणाली. मी हाताला गाळ चोळला, पिंजरा लावला आणि तिच्या घरामागे गप्प बसलो. होय, गप्प. दुपारी दार पडलं. आत मुंगूस होतं, म्हातारं झालेलं, आणि शेपटी इतकी भरलेली की तशी मी कधी पाहिली नव्हती. ती कापून कुणाला द्यायची? मी दार उघडलं. ते कुडाखालून निघून गेलं.

"सोडला काऊन?" बाई काठी घेऊन उभी होती. "इतका सापडला होता."

"बाई, त्याचा एक कान फाटेल हाय," मी म्हणालो, आणि आत जाऊन तिची अंडी उंच शिंक्यावर बांधून दिली.