साडूच्या बांधावरची फुलपाखरं

सासुरवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येणाऱ्या सुविचारांचा मला त्रास नाही. त्रास झाला तो माझे साडू दत्ताभाऊ यांनी टाकलेल्या फोटोंचा. त्यांच्या लोणीच्या शेताचा बांध, त्यावर खुळखुळ्याचे पिवळे तुरे आणि तुऱ्यांवर काळ्या-निळ्या पट्ट्यांची फुलपाखरं, मोजता येऊ नयेत इतकी. खाली मेहुणीचं वाक्य, ‘सध्या आमच्याकडे ही पाहुणी!’

आता माझी बाजू ऐका. पुण्यात आमच्या गच्चीवर मी गेली काही वर्षं देशी रानफुलं लावतोय, ती केवळ फुलपाखरं आणि मधमाश्या याव्यात म्हणून. रुई, तरवड, काटेकोरांटी आणि हाच तो खुळखुळा. बिया स्वतः जमवल्या, माती कालवली, प्रत्येक कुंडीला नावाची पाटी लावली. आलं काय, तर पानांवर मावा. फुलपाखरं येतात, पत्ता चुकल्यासारखी एक चक्कर मारतात आणि जातात. आणि दत्ताभाऊंना रुई सोडली तर एका झाडाचं नाव येत नाही. अंगाची आग आग झाली, खोटं कशाला बोलू?

“जाऊन या एकदा, नाहीतर आठवडाभर धुसफुसत बसाल,” बायको म्हणाली. सुनंदा तिचं नाव. ती बहिणीला भेटायला तयारच होती. पण केवळ साडूचा बांध बघायला आलो असं दिसू नये म्हणून मी आधी नाणेघाट घातला आणि येताना ‘सहज’ लोणी.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. ही सहल करणार असाल तर चाकण सकाळीच मागे टाका, नाहीतर कंटेनरांच्या रांगेत बसून पश्चात्ताप करा. नारायणगावात मिसळ खाल्ली, रस्सा झणझणीत आणि पाव ताजा. पेट्रोल जुन्नरमध्येच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. आपटाळ्यापासून भातखाचरं सुरू होतात आणि घाटघरच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. समोरून एसटी आली की आपणच मागे जायचं.

सप्टेंबर सरत आला होता. उतारच्या उतार तेरड्याने गुलाबी आणि कातळाच्या कडेने सोनकी पिवळी. मी गुडघ्यांवर बसून एका सोनकीवरच्या मधमाशीचा फोटो काढत होतो, तेव्हा डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी थांबल्या.

“काय हारवलं का भाऊ?”

“नाही मावशी, फुलं बघतोय. आम्ही घरी लावतो ना.”

“लावता?” त्यांनी भारा सावरत सगळ्या डोंगराकडे पाहिलं. “आन् पानी कोन घालतं?”

सुनंदा हसली. मला हसू आलं नाही, मला त्या डोंगराचासुद्धा हेवा वाटत होता. दुपारी त्याच मावशींच्या घरी पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा जेवलो. चव अशी की पैसे देताना कमीच वाटले. जाताना सांगून ठेवलं की परत येईपर्यंत स्वयंपाक करून ठेवतात.

मंचरला येऊन अवसरी खुर्दला वळलो. तिथे इंजिनिअरिंगच्या मुलांनी भरलेल्या टपरीवर चहा घेतला आणि पूर्वेला निघालो. इकडे डोंगर मागे पडतो आणि बाजरी, कांदा सुरू होतो. लोणीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दत्ताभाऊंनी मला थेट बांधावरच नेलं.

आणि फोटो खोटे नव्हते. रुईवर काळे भुंगे घुमत होते. तरवडाभोवती पिवळी फुलपाखरं, कुर्डूच्या तुऱ्यांवर बारक्या मधमाश्या. अंधारून आलं तसा एक जाडजूड पतंग धोतऱ्याच्या पांढऱ्या फुलासमोर हवेतल्या हवेत थांबून लांब सोंड आत घालू लागला. त्याची वाट बघत मी गच्चीवर किती संध्याकाळी डासांना रक्त पाजलंय!

“खत काय घालता?” मी विचारलं.

“काय न्हाई.”

“बी कुठून आणलं?”

“आवो साडूभाऊ, आमी त्या बांधाला हातच लावत न्हाई,” असं म्हणून ते घराकडे वळले. मला वाटलं, माणूस गुपित सांगत नाही. मेहुणीने रात्री बाजरीची भाकरी आणि शेंगोळी वाढली, ती त्या रागातही दोनदा मागून घेतली.

सकाळी सगळे चहाला बसायच्या आत मी पिशवी घेऊन एकटाच बांधावर गेलो. शेंगा अजून हिरव्या होत्या. बी मिळेना, तेव्हा सरळ एक चांगला कमरेएवढा खुळखुळा दोन्ही हातांनी ओढला. मुळासकट यायचा तो अर्धा मोडून आला.

“कोन हाय रं बांधावर?”

पलीकडच्या कांद्यातून पाठीवर फवारणीचा पंप अडकवलेला एक दणकट माणूस आला. हे शांताराम, दत्ताभाऊंचे चुलतभाऊ. त्यांनी माझ्या हातातलं झाड पाहिलं आणि जे ओरडले, त्यातून मला एकदाचं गुपित कळलं. तो बांध दोघांच्या वाटणीच्या मधला. तो कोणाचा, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. मोजणी होईपर्यंत कोणीच त्यावर खुरपं, औषध, काही चालवायचं नाही, असं भावकीने बसून ठरवलेलं. सगळं रान फुललं होतं ते भांडणावर.

“दत्त्यानं पावन्याला म्होरं केला व्हय? त्यानं हात लावला म्हंजी आता मी बी लावनार. तननाशक मारतो, सगळा बांध साफ!”

आरडाओरडा ऐकून दत्ताभाऊ धावत आले, मागोमाग दोघी बहिणी. “मार, मार की! बघतोच!” दत्ताभाऊ शर्टाच्या बाह्या सारत म्हणाले. शांतारामांनी पंपाचा दांडा हलवायला सुरुवात केली. नळीच्या तोंडाशी रुई होती आणि रुईच्या पानावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी. मी मध्ये उभा राहिलो.

“यांनी पाठवलं नाही. मी माझ्या मनाने उपटलं.”

“कशापायी?”

सुनंदा बघत होती. सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“जळून,” मी म्हणालो. “माझ्याकडे फुलपाखरं येत नाहीत. यांच्याकडे येतात. मला बघवलं नाही.”

शांतारामांचा हात थांबला. “बांधापायी भाऊबंद जळत्यात, ते आयुष्यभर बघितलंय. पर पावना जळल्याला पयल्यांदाच बघतोय, राव!” आणि ते हसले. दत्ताभाऊ हसू दाबत जमिनीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग दोघांनी मिळून निकाल दिला, झाड होतं तिथेच लावायचं. मी हातांनी खड्डा केला. “आनखी खोल,” एक म्हणाला. “माती दाब,” दुसरा म्हणाला. मोडलेल्या खोडाला सुतळीने काठी बांधली. ते जगणार नाही हे तिघांनाही दिसत होतं. शांताराम पंप घेऊन कांद्यात परत गेले. मेहुणीने निघताना बाजरीचं पीठ आणि गवार दिली. परतीला चाकणने दोन तास घेतले आणि सुनंदा मधूनमधून आपल्याशीच हसत होती.

घरी येऊन गच्चीवर गेलो. पाट्या जागेवर होत्या. आठवड्याने ग्रुपवर फोटो आला. मी मोडलेला तो खुळखुळा वाळून काळा पडला होता आणि त्याच्या काडी-काडीला फुलपाखरं लगडली होती. मोडलेला, सुकत चाललेला खुळखुळा या फुलपाखरांना ताज्यापेक्षा प्यारा, त्यातला रस चोखायला नर गर्दी करतात. हे मी वाचलेलं होतं. तरीही गच्ची नीटनेटकी दिसावी म्हणून माझ्या कुंड्यांतली प्रत्येक सुकी काडी मी आजवर कापून टाकत आलो.

पण मी बघत राहिलो ते दुसरंच. झाडाच्या एका बाजूला दत्ताभाऊ उभे होते, दुसऱ्या बाजूला शांताराम. दोघे दात काढून हसत होते.

माझा सख्खा भाऊ याच शहरात राहतो. वडिलांच्या फ्लॅटच्या वाटणीनंतर आम्ही एकमेकांना फोन केलेला नाही. फुलपाखरंही त्यांनाच आणि भाऊही त्यांनाच, असं वाटून मी जितका जळलो, तितका पहिल्या फोटोच्या वेळीही जळलो नव्हतो.

‘छान’ एवढंच मी ग्रुपवर लिहिलं. मग सुक्या काड्या कापायची कात्री घरात ठेवून दिली आणि भावाचा नंबर काढून फोन बराच वेळ नुसता हातात धरून बसलो.