स्पेनमधला कापलेला टायर

घराजवळच्या मैदागिन चौकात स्कूटरचं पंक्चर काढून घेताना तापल्या रबराचा वास आला आणि स्पेनमधला तो हायवे आठवला.

भाड्याची गाडी मी चालवत होतो. शेजारी बसली होती आमच्या रामघाटाच्या गल्ल्यांबाहेर फारशी न पडलेली माझी आई. एक मोटारसायकलवाला आमच्या चाकाकडे बोट दाखवून थांबायला खुणावू लागला. मी ब्रेक दाबणार, तोच आई म्हणाली, "इथे रोकू नकोस रे! माणसं दिसतील तिथे थांब."

चाक धडधडत होतं आणि तो मागेच होता. आम्ही पेट्रोल पंपावर वळताच मात्र तो निघून गेला. टायर कोणीतरी सुरीने चिरला होता; निर्जन जागी थांबवून लुटायची ती युक्ती होती.

पासपोर्टच्या पिशवीवर आवळलेली आईची बोटं मी एकेक करून सोडवली. मग आम्ही दोघं पोटभर हसलो. मी तिला नेहमी घाबरट म्हणून चिडवायचो. इतकी घाबरूनही तिचंच डोकं ठिकाणावर होतं, हे आज कळतं.