पाकळ्यांची डबी

लग्नाची बोलणी करायला मंडळी आली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. होणाऱ्या सासऱ्यांची तेवढी कपाटावर. तिथे तिच्या वडिलांचा जुना कॅमेरा होता. त्याच्या जिवावर त्यांनी जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला होता.

"लेन्सची रिंग घट्ट झालीये वाटतं," सासरे म्हणाले. घरात शिरल्यापासूनचे त्यांचे हे पहिले शब्द.

"आधी मुलगी बघा हो, व्याहीबुवा!" वडील म्हणाले, आणि अवघडलेली बैठक हसून मोकळी झाली.

सून होऊन आल्यावर तिला कळलं, मामंजी जुन्या लेन्स दुरुस्त करतात. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान. या लेन्सचे सुटे भाग आता कोणी बनवत नव्हतं. मेलेल्या लेन्समधला स्क्रू काढायचा, रिंग काढायची आणि दुसरीला जगवायचं. मात्र त्यांचा एक हट्ट होता. जी दुरुस्त होऊ शकते, ती लेन्स सुट्या भागांसाठी फोडायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

नात चालायला लागली आणि इकडे वडिलांची नजर अधू होऊ लागली. ती पुरती जायच्या आत नातीचा एक फोटो आपल्याच लेन्सने काढायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. रिंग हलेना, म्हणून त्यांनी आत शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि जोर लावला. लेन्समध्ये उजेड कमी-जास्त करणाऱ्या पातळ पोलादी पाकळ्या असतात. त्या तेलाने एकमेकींना चिकटल्या आणि एक तुटली.

"लेन्स आहे ती, दाराची बिजागरी नव्हे!" मामंजींनी कपाळाला हात लावला.

मग जुन्या बाजारातल्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी एका भंगारवाल्याकडे अगदी तशीच लेन्स मिळाली. सुनेचा जीव भांड्यात पडला. मामंजींनी ती उजेडात धरली.

"हिला नुसती बुरशी आलीये. पुसली की ठणठणीत."

"अहो, एक पाकळी मागतोय, काळीज नाही!" वडील भडकले.

"पाकळी काढली की ही मेलीच. त्यापेक्षा हीच घ्या ना, साफ करून देतो."

"परकी नको मला."

दोघांनी तोंडं फिरवली. नजर मात्र कुणाचा रुसवा निघायची वाट बघत थांबणार नव्हती. न राहवून सूनच म्हणाली, "मामंजी, पाकळ्याच काढून टाकल्या तर?"

मामंजींनी स्क्रूड्रायव्हर उचलला. मग त्यांनी घट्ट रिंग मोकळी केली, एकूण एक पाकळी काढली, धुऊन एका डबीत ठेवली आणि सताड उघडी लेन्स व्याह्यांच्या हातात दिली.

"मागचं सगळं धूसर येईल बरं का."

"येऊ दे. मला तरी कुठे स्वच्छ दिसतंय?"

कलत्या उन्हात नात गॅलरीत बसली. वडिलांना फोकस दिसेना, तेव्हा मामंजींनी टेप काढून तिच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि रिंग त्या आकड्यावर आणली. बटण वडिलांनी दाबलं. फोटोत नातीचे डोळे तेवढे लख्ख आले. मागची गॅलरी धुक्यासारखी विरघळून गेली, आणि टेप गुंडाळत मागे सरकलेले मामंजीसुद्धा.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. नात कॉलेजात जाते. मामंजींनी दुकान बंद केलं, पण रविवारी ते जुन्या बाजारात जातातच, आणि खिशात ती एका पाकळीने अपुरी डबी असते. परवा त्यांना पुन्हा तशी एक लेन्स मिळाली. दुरुस्त होण्यासारखी होती, म्हणून त्यांनी ती दुरुस्त केली.